गोळी बंद करण्याआधी

मागे याच सदरात मी पाळीतल्या असह्य पोटदुखीविषयी आणि एण्डोमेट्रिऑसिस या आजाराविषयी लिहिले होते. त्यावर ठाणे, कळवा, डोंबिवली, कल्याण, थेट बदलापूरहूनही पत्रे आली. आजाराबद्दलचे प्रश्न त्यांत थोडेच होते. बहुतेकींचे म्हणणे असे, की आजार सापडला, गोळ्या सुरू झाल्या, दुखणेही उतरले. पण आता गोळ्यांचाच त्रास होतो आहे, तर त्या बंद करू का? काही भगिनींनी गोळ्या आधी बंद केल्या होत्या आणि पत्र मागाहून लिहिले होते.

हा प्रश्न माझ्यासारख्या जनरल प्रॅक्टिशनरच्या रोजच्या ओळखीचा आहे. गोळ्या लिहून देतात स्त्रीरोगतज्ज्ञ. पण पंधरा दिवसांनी डाग लागायला लागले, डोके धरले, की बाई येते ती घराजवळच्या दवाखान्यात. तज्ज्ञांनी पुढची तारीख तीन महिन्यांनंतरची दिलेली असते, आणि एवढ्याशा कारणासाठी पुन्हा फी कोण भरणार, असाही विचार असतो. मी साधी एम.बी.बी.एस.; शस्त्रक्रिया करणे माझे काम नव्हे. पण गोळी घरात आल्यावर त्या घरात काय काय घडते, हे कल्याणात बसून तीस वर्षे पाहते आहे.

आजाराची थोडक्यात उजळणी करू. गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारखे अस्तर गर्भाशयाच्या बाहेर, म्हणजे बीजकोषावर, ओटीपोटात, कधी आतड्यावर वाढते. तिथे दाह होतो, अवयव एकमेकांना चिकटतात, बीजकोषात जुन्या रक्ताची ‘चॉकलेट सिस्ट’ होते आणि पाळीच्या दिवसांत जीव नकोसा होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जननक्षम वयातल्या सुमारे १० टक्के, म्हणजे जगभरातल्या १९ कोटी, स्त्रियांना व मुलींना हा आजार आहे. आपल्या शेजारी मुंबईत, परळला, भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची प्रजनन आरोग्यावर काम करणारी राष्ट्रीय संस्था आहे. भारतीय स्त्रियांमधल्या या आजाराचा अभ्यास तिने हाती घेतला आहे. म्हणजे ‘हे नवेच काहीतरी फॅड’ असे जे आजही ऐकू येते, त्यात अर्थ नाही.

या अस्तराला खतपाणी मिळते ते इस्ट्रोजेन या हार्मोनचे. म्हणून औषधे एक तर त्याचा प्रभाव मारतात, नाही तर त्याचे उत्पादनच कमी करतात. यातले कोणतेही औषध आजार मुळासकट काढत नाही. औषध चालू असते तोवर आजार निजलेला राहतो. बंद केले, की पुष्कळदा काही महिन्यांत तो पुन्हा जागा होतो. ही गोष्ट पेशंटला पहिल्याच दिवशी स्वच्छ सांगितलेली असली, तर पुढचा निम्मा गोंधळ टळतो. नाही तर ‘सहा महिने गोळ्या खाल्ल्या, काही उपयोग झाला नाही’ असा शेरा मारून बाई मोकळी होते आणि दुखणे मात्र तिच्याच वाट्याला राहते.

आता दवाखान्यात सर्वांत जास्त वेळा येणारा प्रश्न. तो बहुधा पेशंट विचारत नाही, तिच्याबरोबर आलेली सासू किंवा आई विचारते. गेल्या वर्षी एक आजी सुनेला घेऊन आल्या. सून गप्प. आजी म्हणाल्या, “डॉक्टरबाई, तीन महिने झाले, हिची पाळीच नाही. ते सगळं रक्त आत साठत असेल ना? उद्या त्याची गाठ झाली म्हणजे?” सुनेला डायनोजेस्टची गोळी चालू होती. हे प्रोजेस्टेरॉनच्या कुळातले औषध आज या आजारावर बरेच वापरले जाते. या गोळीने अनेकींची पाळी पूर्ण थांबते. तसे होणे अपेक्षितच असते.

मी त्यांना विचारले, “आजी, तुमचा मुलगा अंगावर पीत होता तेव्हा तुमची पाळी कधी आली?” म्हणाल्या, “वर्षभर नव्हती आली.” “मग ते रक्त कुठे साठलं?” आजी हसल्या आणि सूनही हसली. पाळीचे रक्त काही टाकीत भरून ठेवलेले नसते. महिनाभरात गर्भाशयाचे अस्तर जाड होते आणि गर्भ राहिला नाही, की ते गळून पडते. गोळीने अस्तर जाडच होत नाही, मग गळणार काय? अंगावर पाजणाऱ्या आईची पाळी थांबण्याचे कारण वेगळे असते, पण अस्तर तिथेही तयार होत नाही एवढे साम्य खरे.

या एका समजुतीपायी किती चांगले चाललेले उपचार बंद पडले असतील! शिवाय गंमत अशी, की याच कुळातली नॉरएथिस्टेरॉनची गोळी आपल्या घरांना चांगली परिचयाची आहे. गौरी-गणपती आले, सत्यनारायण निघाला, की पाळी पुढे ढकलायला हीच गोळी दुकानातून, कित्येकदा चिठ्ठीशिवाय, आणली जाते. तेव्हा कुणाला हार्मोनची भीती वाटत नाही. एण्डोमेट्रिऑसिससाठी डॉक्टरांनी तीच गोळी काही महिने लिहून दिली, की मात्र घरात चर्चा सुरू होते. जाता जाता सांगते, आजाराची हार्मोनची गोळी चालू असताना सणासाठी म्हणून स्वतःच्या मनाने आणखी एक गोळी वर घेऊ नये.

एक सावधगिरी मात्र हवी. डायनोजेस्टची गोळी पाळणा लांबवण्यासाठी म्हणून मान्य झालेली नाही. ती घेताना मूल नको असेल, तर निरोध वापरावा. डॉक्टरांनी अपेक्षित म्हणून सांगितले नसताना पाळी थांबली आणि मळमळही सुरू झाली, तर आधी लघवीची तपासणी करून घ्यावी.

पाळी थांबण्यापेक्षा जास्त सतावतात ते अवेळी लागणारे डाग. डायनोजेस्ट, नॉरएथिस्टेरॉन, तीन महिन्यांचे मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉनचे इंजेक्शन किंवा गर्भाशयात बसवायचे हार्मोनचे साधन, यांपैकी काहीही सुरू केले, तरी पहिले तीन महिने थोडेफार डाग लागतात. हार्मोनच्या साधनाच्या बाबतीत हे सहा महिनेही चालते. हळूहळू ते कमी होतात. ऐकायला हे सोपे आहे. पण डोंबिवलीहून मुंबईला नोकरीला जाणाऱ्या बाईचा विचार करा. सकाळची लोकल, पाय ठेवायला जागा नाही, तासभर उभे राहायचे, गाडीत स्वच्छतागृह नाही, आणि कधी काय होईल याचा नेम नाही. पाळीची निदान तारीख तरी ठरलेली असते.

अशीच एक एकोणतीस वर्षांची मुलगी गोळी सहा आठवडे घेऊन थांबली. कुणाला बोलली नाही. चार महिन्यांनी तिला तिच्या भावाने माझ्या दवाखान्यात आणली, तेव्हा तिला बाकावर सरळ बसवत नव्हते. गोळी बंद केल्याचे तिने तेव्हा सांगितले, तेही मी तीनदा विचारल्यावर. “डॉक्टर, रोज पिशवीत कपड्यांचा जोड घेऊन जात होते. कंटाळले,” असे म्हणाली. तिचे चूक होते असे मी म्हणणार नाही. तिच्या तज्ज्ञांशी मी फोनवर बोलले आणि तेच औषध पुन्हा सुरू झाले. या वेळी तिने वहीत रोजची नोंद ठेवली. पहिल्या महिन्यात सतरा दिवस डाग होते, दुसऱ्यात नऊ, आणि दहाव्या आठवड्यानंतर थांबले. औषध तेच, शरीर तेच. हे किती दिवस चालणार याचा अंदाज आधी मिळाला, एवढाच फरक.

डाग कमी राहावेत म्हणून गोळी रोज ठरल्या वेळीच घ्यायची. रात्री जेवणानंतरची वेळ ठीक पडते. मळमळही कमी जाणवते. मोबाईलचा गजर लावावा. गोळी चुकली, की डाग हमखास वाढतात. आपल्याकडे चतुर्थी, श्रावणी सोमवार, नवरात्र अशा उपासांना ‘आज औषध नको’ म्हणून गोळी वगळतात, आणि मग नेमके सणाच्या दिवशी अंगावरून जायला लागते. उपासाला गोळी घेतल्याने उपास मोडत नाही, असे मी माझ्या पेशंटना बेधडक सांगते. धर्मशास्त्राचा अधिकार मला नसला तरी. गोळी घेतल्यावर तीन-चार तासांत उलटी किंवा जोराचे जुलाब झाले, तर दुसरी गोळी घ्यावी लागते. आणि डाग वेगळे, रक्तस्राव वेगळा. तासाला एक पॅड भिजते आहे आणि हे सलग दोन तास चालले आहे, चक्कर येते आहे, तर वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

हार्मोनचे साधन म्हटले, की बायकांना कॉपर-टी आठवते. ‘शेजारणीला त्याने फार रक्त जायचे’ असे सांगतात. कॉपर-टीने रक्तस्राव वाढू शकतो हे खरे. पण लिव्होनॉर्जेस्ट्रेलच्या साधनात तांबे नसते, ते थोडे थोडे हार्मोन आतल्या आत सोडते आणि रक्तस्राव कमी करते. दिसायला दोन्ही इंग्रजी ‘टी’सारखी, एवढ्यावरून दोघांना एकाच माळेत ओवू नये.

वजन, मुरुमे, केस गळणे, स्तन जड वाटणे, डोकेदुखी या तक्रारीही येतात. वजनाविषयी भीती जास्त आणि प्रत्यक्ष वाढ बहुधा थोडी, असा माझा अनुभव आहे. मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉनच्या इंजेक्शनने काहींचे वजन बरेच वाढते, हे मात्र मान्य केले पाहिजे. महिन्यातून एकदा, एकाच काट्यावर वजन करावे. रोज करू नये.

मनावर होणाऱ्या परिणामाबद्दल थोडे जास्त बोलायला हवे, कारण त्याबद्दल कुणीच बोलत नाही. ठाण्यातल्या एका शिक्षिकेचे दुखणे गोळीने छान आटोक्यात आले होते. सोनोग्राफीत सिस्टही लहान झाली होती. पण घरी ती बारीकसारीक गोष्टींवर रडायची, रात्री झोप नाही, मुलांच्या वह्या तपासायचा कंटाळा. नवरा म्हणाला, “ही पहिल्यासारखी राहिली नाही.” विचारता विचारता कळले, की पहिल्या बाळंतपणानंतरही ती चार-पाच महिने अशीच उदास होती, तेव्हा ते कुणी डॉक्टरांना सांगितले नव्हते. पूर्वी उदासीनतेचा आजार झालेला असेल, तर प्रोजेस्टेरॉनच्या कुळातली औषधे देताना जपावे लागते. तिच्या तज्ज्ञांनी गोळी थांबवली, आणि योग्यच केले. मनोविकारतज्ज्ञांचे उपचारही सुरू झाले. दुखण्यासाठी दुसरा मार्ग शोधावा लागला. प्रत्येक वेळी गोळी चालूच ठेवा, असा माझा आग्रह नाही. प्रश्न एवढाच, की ती बंद करताना डॉक्टरांना कळलेले असावे आणि पुढचा मार्ग ठरलेला असावा. जीव नकोसा वाटण्यापर्यंत मन गेले, तर सरकारची ‘टेलिमानस’ ही विनामूल्य दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे. मराठीतही बोलता येते.

आता इंजेक्शने. गोळ्यांनी भागले नाही, किंवा शस्त्रक्रियेच्या आगेमागे, ल्युप्रोलाइडसारखी इंजेक्शने महिन्याला किंवा तीन महिन्यांना देतात. ती बीजकोषाला तात्पुरती झोप लावतात. म्हणजे तिशीतल्या बाईला काही महिन्यांपुरती पन्नाशीची अवस्था येते. पहिल्या एक-दोन आठवड्यांत दुखणे उलट वाढू शकते, कारण हार्मोन खाली येण्याआधी एकदा उसळी मारतात. हे माहीत नसले, की ‘इंजेक्शन लागू पडले नाही’ म्हणून पेशंट दुसरे घ्यायला जातच नाही. पुढे अंगातून वाफा येतात, रात्री घामाने उशी भिजते, झोप मोडते, योनिमार्ग कोरडा पडतो. नवरा-बायकोच्या संबंधांत त्याने दुखते आणि त्यावरून घरात गैरसमज होतात. बायका हे सांगायला लाजतात. कोरडेपणावर औषधाच्या दुकानात साधी वंगणे, जेली मिळतात. विचारायला संकोच वाटत असेल, तर डॉक्टरांकडून चिठ्ठीवर लिहून घ्यावे. वाफांसाठी सुती कपडे, रात्री चहा-कॉफी आणि तिखट कमी, जवळ पाण्याची बाटली, एवढ्याने थोडा फरक पडतो. गाडीत दाराजवळची वारा येणारी जागा मात्र धरू नये. चक्कर येऊन तोल जाण्याची भीती असते.

त्याहून महत्त्वाची गोष्ट हाडांची. इस्ट्रोजेन खाली गेले, की हाडांची घनता कमी होऊ लागते. इंजेक्शन थांबल्यावर ती बऱ्याच अंशी भरून येते, पण म्हणूनच हे उपचार नुसते सहा महिन्यांपलीकडे लांबवत नाहीत. यावर एक चांगला उतारा आहे. इंजेक्शनबरोबर हार्मोनची अगदी थोडी मात्रा गोळीने परत द्यायची. आजार जागा होणार नाही, पण हाडे आणि झोप सांभाळली जाईल, एवढीच ती मात्रा असते. युरोपातल्या तज्ज्ञांच्या संघटनेने २०२२ साली काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत या जोडीचा विचार करावा असे म्हटले आहे. शिवाय ही इंजेक्शने पहिल्या फटक्यात न देता गोळ्यांचा उपयोग झाला नाही, तरच द्यावीत असेही म्हटले आहे. अमेरिकेत त्याच वर्षी रेलुगोलिक्स हे औषध आणि ही परतीची हार्मोने एकाच गोळीत घालून या आजारासाठी मान्य झाली. तेव्हा तुम्हाला इंजेक्शन सुचवले गेले, तर ‘डॉक्टर, याच्याबरोबर हाडांसाठी काय देणार?’ हे जरूर विचारा. तज्ज्ञ रागावणार नाहीत. रागावले तरी विचारा.

हाडांसाठी स्वयंपाकघरातही बरेच आहे. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम असते, तिळात त्याहून कितीतरी जास्त. खाणाऱ्यांना सुकट, जवळा आहेच. आपल्या आगरी-कोळी घरांत ते काही नवे नाही. दूध-दही चालत असेल तर घ्यावे. ‘ड’ जीवनसत्त्वाची कमतरता आपल्या इमारतींत राहणाऱ्यांत फार, त्यामुळे रक्त तपासून गोळी घ्यावी लागते. रोज अर्धा तास भरभर चालावे. स्टेशनवर धावपळीत होणारे चालणे मी यात धरत नाही. अठरा वर्षांखालच्या मुलींची हाडे अजून भरत असतात, म्हणून त्यांच्या बाबतीत ही सगळीच औषधे जास्त विचारपूर्वक द्यावी लागतात.

जुन्या पेशंटना डॅनॅझॉल आठवत असेल. मी प्रॅक्टिस सुरू केली त्या १९९० च्या दशकात या आजारावर ते सर्रास दिले जाई. दुखणे थांबे, पण ते पुरुषी हार्मोनच्या जातीचे. ओठावर लव, मुरुमे, वजन, आणि काहींचा आवाज घोगरा होई. आमच्या भागातल्या भजनी मंडळात एक बाई वरच्या पट्टीत फार सुरेख गात. डॅनॅझॉलने त्यांचा आवाज उतरला आणि औषध थांबवल्यावरही तो पहिल्या जागी आला नाही. त्या नंतर टाळ वाजवायला बसत. लव गेली, वजन उतरले. आवाज गेला तो गेला. आज हे औषध या आजारासाठी टाळावे असेच मानतात. पण कुणाच्या जुन्या चिठ्ठीवर असेल आणि ‘तेव्हा गुण आला होता’ म्हणून पुन्हा आणायचा विचार असेल, तर आणू नका. आणि कोणतेही औषध घेताना आवाज बदलतो आहे असे वाटले, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा.

संततिनियमनाच्या नेहमीच्या गोळ्याही या आजारावर देतात. त्यांत इस्ट्रोजेन असते, म्हणून रक्ताची गुठळी होण्याचा धोका थोडा वाढतो. धोका लहान आहे, पण ओळखता आला पाहिजे: एकाच पायाची पोटरी सुजून दुखणे, एकाएकी धाप लागणे, छातीत कळ, कधी नव्हे असे भयंकर डोके दुखणे, डोळ्यांपुढे अंधारी किंवा अर्ध्या अंगातली शक्ती जाणे. यांपैकी काहीही झाले, तर गोळी थांबवून लगेच रुग्णालयात जायचे. इथे माझ्या परवानगीची वाट पाहायची नाही. ज्यांचे ब्लडप्रेशर जास्त आहे, ज्यांना डोळ्यांपुढे झगमगून अर्धशिशी उठते, पस्तिशीपुढच्या ज्या स्त्रिया धूम्रपान करतात, त्यांना या गोळ्या देत नाहीत. मशेरी लावत असाल, तर तेही सांगा. घरच्यांसमोर नको वाटले, तर मला एकटीला सांगा.

तसेच दुसरी कोणती औषधे चालू आहेत तेही. आपल्या जिल्ह्यात क्षयाचे रुग्ण कमी नाहीत. क्षयाच्या उपचारातले रिफाम्पिसिन हार्मोनच्या गोळ्यांचा परिणाम कमी करते. फिटच्या काही गोळ्यांचेही तसेच. गोळी चोख घेऊनही डाग थांबत नाहीत आणि दुखणे परतते, तेव्हा मी हे पहिले विचारते. क्षयाची गोष्ट लपवण्याकडे कल असतो, विशेषतः नवीन लग्न झालेल्या मुलींचा.

तक्रार घेऊन जाताना साधी वही न्या. त्यात रोज तीनच गोष्टी लिहा: दुखणे दहापैकी किती, डाग लागले की नाही, झोप आणि मन कसे होते. ‘डॉक्टर, फार त्रास होतो’ या वाक्यावर औषध बदलणे अवघड असते; दोन महिन्यांची वही पाहून ते पाच मिनिटांत ठरते. खासगी फी परवडत नसेल, तर कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, कल्याणचे रुक्मिणीबाई, डोंबिवलीचे शास्त्रीनगर ही पालिकांची रुग्णालये आहेत. वही तिथेही न्यावी.

शेवटी मुलाबाळांविषयी, कारण पत्रांतला हा दुसरा मोठा धसका आहे. या औषधांनी कायमचे वांझपण येत नाही. डायनोजेस्ट थांबवल्यावर पाळी साधारण एक-दोन महिन्यांत परत सुरू होते. तीन महिन्यांच्या इंजेक्शनचे मात्र वेगळे आहे. शेवटच्या इंजेक्शननंतर दिवस राहायला अनेकदा नऊ-दहा महिने, कधी त्याहून जास्त लागतात. म्हणून वर्षभरात मूल हवे असेल, तर ते इंजेक्शन घेण्याआधीच बोलावे. आणि मूल हवे म्हणून गोळी थांबवायची, तर त्याच भेटीत तज्ज्ञांकडून हेही ठरवून घ्यावे, की किती महिने आपले आपण प्रयत्न करायचे आणि तोवर पाळी दुखली तर काय घ्यायचे.